पालथा कॅन

१

"मामा, आई भाजली. लोक म्हणतात, दिपमालानं पेट्रोल टाकलं." एवढंच बोलून भूपेंद्र फोनवर रडायला लागला.

भूपेंद्र माझा भाचा. त्याची आई म्हणजे माझी धाकटी बहीण कमल. शिरपूरजवळच्या त्यांच्या गावात तिला सगळे कमलबाई म्हणतात. मेहुणे गेल्यापासून घर तीच चालवते. आणि दिपमाला ही भूपेंद्रची बायको, तीन वर्षांपूर्वी आलेली. म्हणजे माझा भाचा मला सांगत होता की त्याच्या बायकोने त्याच्या आईला पेटवलं. तेही रविवारी, कानबाईच्या दिवशी, जेव्हा खानदेशात घरोघर देवी बसते आणि भांडणंसुद्धा सोमवारपर्यंत पुढे ढकलतात.

मला एका जागी बसवत नाही. हा रोग जुना आहे. वरणगावच्या फॅक्टरीत एकतीस वर्षं सुरक्षा विभागात काढली, म्हणजे एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधत फिरलो. रिटायर झालो तरी पाय थांबेनात. कोणाकडे गेलो की आधी गॅसची नळी बघतो आणि मग चहा पितो. बायको होती तेव्हा म्हणायची, तुम्ही पाहुणे म्हणून जात नाही, छापा घालता.

सोमवारी भुसावळहून पहिल्या बसने निघालो. बसायला जागा होती, तरी जळगावपर्यंत उभाच. आठच्या सुमारास धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो.

कमलला झोपेचं औषध दिलं होतं. धुराने घसा सुजलेला, त्यामुळे जागी झाली तरी लगेच बोलता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कमरेखाली सगळं पांढऱ्या पट्ट्यांत. मी खाटेच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला आणि परत इकडे अशा फेऱ्या मारायला लागलो.

"मामा, उभे राहा ना जरा," रत्ना म्हणाली. ही कमलची मुलगी, फैजपूरला दिलेली. रात्रभर जागून तिचे डोळे सुजले होते. "तिला सोडायचं नाही मामा. तीन गोष्टी आहेत. सकाळी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं, शेजारच्या लताबाईंनी ऐकलं. दुसरं, पेट्रोलचा पाच लिटरचा कॅन, जो तिनंच पंपावरून आणला, तो रिकामा सापडला. आणि तिसरं ऐका. आग लागली तेव्हा लोक पाणी टाकत होते, तर ही आडवी आली. पाणी टाकू देईना."

"ती काय म्हणते?"

"मला माहीत नाही, एवढंच. हवालदार गावी आमच्या घरीच बसलेत. आज दुपारी मी फिर्यादीवर सही करणार. तुम्हीही करा. तुम्ही जन्मभर याच कामात होता, तुमची सही झाली की पुढे कोणी तोंड उघडणार नाही."

"मी तर कमलला काल सकाळीच बजावलं होतं," मी म्हणालो.

खरंच बजावलं होतं. साडेदहाला तिचा फोन आला होता. आमची रमी रंगात आली होती. पेट्रोल आणलंय, कुठे ठेवू, असं काहीतरी विचारत होती. प्लॅस्टिक, ऊन, सगळं सांगितलं आणि फोन ठेवला.

"बघा," रत्ना म्हणाली. "तुम्ही सांगूनसुद्धा हे झालं."

त्यावर मला जरा बरं वाटलं, हे कबूल करतो.

पट्टी बदलायला आलेल्या नर्सला मी विचारलं, कुठे कुठे भाजलंय. ती म्हणाली, "पाय जास्त. पोटऱ्या, मांड्या. डावा तळहात थोडा. वर काहीच नाही आजोबा, नशीब म्हणा."

मी कमलच्या चेहऱ्याकडे बघितलं. केस जसेच्या तसे, भुवया जशाच्या तशा. अंगावर पेट्रोल ओतलेली माणसं मी नोकरीत दोनदा पाहिली आहेत. ती वरून जळतात.

२

गावाकडे मी भूपेंद्रच्या मोटारसायकलवरून निघालो. काल तो फवारणी पंपाचा सुटा भाग आणायला धुळ्यात होता. पेट्रोलवर चालणारा पंप, कपाशीसाठी घेतलेला. म्हणून तर त्याने बायकोला पेट्रोल आणून ठेवायला सांगितलं होतं.

"तुला काय वाटतं रे?" मी मागून विचारलं.

"माहीत नाही मामा."

"तीन वर्षं संसार केलास आणि माहीत नाही?"

त्याने गाडीचा वेग वाढवला. मला त्याचा असा राग आला की चालती गाडी थांबवून पायी जावंसं वाटलं.

गावात विसर्जनाची गडबड होती. बँड वाजत होता. बाया नटूनथटून डोक्यावर कानबाई घेऊन नदीकडे निघाल्या होत्या. कमलच्या दारापाशी आल्यावर प्रत्येक मिरवणूक गुपचूप रस्त्याच्या पलीकडच्या कडेने जात होती. बँडवालेसुद्धा तेवढ्यापुरते थांबत.

ओट्यावर पुना हवालदार कागद घेऊन बसला होता. पन्नाशीचा, शांत माणूस. "या नाना," तो म्हणाला. "बहिणीचं वाईट झालं. पण शोधायचं काही नाही यात. तो बघा कॅन."

मोरीजवळ कपडे धुवायचा दगड आहे. त्यावर गोडेतेलाचा जुना पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन पालथा घातलेला होता. शेजारी त्याचं निळं झाकण, तेही पालथं.

"हा इथे असाच होता?"

"असाच. कोणी हात लावलेला नाही."

मी त्या दगडाभोवती दोन चकरा मारल्या. "हवालदार, एखाद्या बाईने घाईघाईत सासूला पेटवलं, तर ती कॅन फेकून देईल की निथळायला पालथा घालेल?"

"पुरावा धुतला असेल."

"मग झाकण कशाला नीट शेजारी ठेवेल?"

त्याने खांदे उडवले. मुद्दा त्याचाही चुकीचा नव्हता, म्हणून मला जास्तच टोचला.

दिपमाला गोठ्यात बाजेवर बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. मला बघून उभी राहिली आणि डाव्या हाताने पदर सावरला.

"मामा, आत्या कशा आहेत?" सासूला ती आत्याच म्हणते.

"जिवंत आहे. तू सांग, कॅन कुठे ठेवला होतास?"

"इथेच. त्या कोपऱ्यात, पत्र्याच्या मागे. झाकण घट्ट लावून. दहा वाजता आणला. आत्या म्हणाल्या, घरात आणू नको. मी म्हटलं, गोठ्यात ठेवते. त्या म्हणाल्या, गोठ्यातही नको, दुपारी पत्रा तापतो. मग मीही बोलले. कानबाईसाठी आठ दिवस घर धूत होते मामा, भिंती, भांडी, गोधड्या. कंबर मोडली होती. म्हटलं, मग डोक्यावर घेऊन फिरू का?"

"आणि?"

"आणि काही नाही. मी स्वयंपाकाला लागले. पुन्हा गोठ्यात गेलेच नाही. संध्याकाळी पावणेसहाला अंगणात रांगोळी काढत होते, तर आतून धप्प असा आवाज आला आणि आत्या ओरडल्या. त्यांना ओढून बाहेर काढलं. मग लोक पाण्याच्या बादल्या घेऊन आले."

"तू पाणी टाकू दिलं नाहीस."

"पेट्रोलचा वास होता. पेट्रोलवर पाणी टाकलं की ते पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पळतं. गोधड्या भिजवून टाकायच्या, माती टाकायची." ती माझ्याकडे बघायला लागली. "तुम्हीच सांगितलं होतं ना, गेल्या दिवाळीत. आत्या, मी, भूपेंद्र, सगळ्यांना बसवून. बाकी सगळे जांभया देत होते."

मला आठवलं. रत्नाच्या तीन पुराव्यांपैकी एक तिथल्या तिथे मातीला मिळाला.

"हे हवालदारांना का सांगितलं नाहीस?"

"सांगितलं. ते म्हणाले, बाईला एवढं कसं माहीत." मग ती खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, एक सांगते. सकाळी त्या बोलल्या तेव्हा माझ्या मनात आलं होतं, ही म्हातारी मरत का नाही. कानबाईच्या दिवशी आलं मनात. संध्याकाळी हे झालं. आता मी कोणत्या तोंडाने ओरडून सांगू की मी काही केलं नाही?"

मी तिच्याजवळ थांबू शकलो नाही. बाहेर आलो. कॅन भरलेला असताना गोठ्यात होता, आणि रिकामा होऊन मोरीवर आला. मधल्या वेळात पाच लिटर पेट्रोल गेलं कुठे?

३

लताबाईंचं घर भिंतीला भिंत लागून. सत्तरीच्या घरातली ठणठणीत बाई. चहा ठेवायला निघाली तर मी नको म्हटलं.

"नाना, मी खोटं नही बोलस," ती म्हणाली. "सकायले मना कानवर पडनं. कमलबाई म्हने, तू घर जाळशी एक दिन. अशी बोलनी. मी काय मनमा ठेऊ?"

"हे कमल म्हणाली. दिपमाला काय म्हणाली?"

"ती म्हने डोकावर ली फिरू का."

म्हणजे दिपमालाने खरं सांगितलं होतं. कमल पेट्रोलवरून रागावली होती. सून पेटवेल म्हणून नव्हे, पेट्रोल पेटेल म्हणून. गावाने त्या वाक्याची धमकी करून टाकली होती. उलट, पेट्रोलच्या धास्तीने बिचारी मला फोन करून बसली. आता दोन पुरावे गेले. राहिला कॅन.

"दिवसभरात कमल पुन्हा दिसली का?"

"चार वाजता उनी व्हती. किटली दे म्हने. डेअरीवर दूध लेवाले जानं व्हतं, खीरले."

"किटली? तिची किटली आहे की. स्टीलची, पाच लिटरची. मीच दिली होती भुसावळहून आणून."

"मी बी तेच म्हनी. तर म्हने, मनी गुंतेल शे."

"कशात गुंतलीय, विचारलं नाही?"

"आते कानबाईना दिन, नाना. घरमा बठ्ठा भांडा गुंतेल ऱ्हातस."

बरोबर होतं तिचं. सणाच्या दिवशी कोणतं भांडं कशात अडकलंय, हे कोण विचारतं? मी ते डोक्यात ठेवलं आणि निघालो, कारण हवालदाराने मघाशी बोलता बोलता आणखी एक नाव घेतलं होतं.

चिंधा रंगारी. कानबाई बसवायच्या आधी घराला रंग काढायची आमच्याकडे रीतच आहे. आग लागली त्या मधल्या खोलीच्या भिंतीला त्यानेच खालून हिरवा ऑइलपेंटचा पट्टा मारला होता. ऑइलपेंट म्हटला की थिनर आला. आणि चिंधाच्या कानावर बिडी नाही, असा दिवस गावाने पाहिलेला नाही.

तो पारावर भेटला. मला बघताच कानावरची बिडी काढून खिशात घातली.

"नाना, मी बिडी वढस, खरं शे. पन काम शनवारले सरनं. मी रविवारले तठे पायच ठेवा नही."

"थिनर कुठेय?"

"मना घर. चला, दखाडस."

घरी त्याने बाटली दाखवली. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, अर्धी भरलेली, देवळीत पाण्याच्या तांब्याशेजारी ठेवलेली. मी तिथेच त्याला झापला. उन्हातून आलेलं लेकरू सरळ तोंडाला लावेल, एवढी अक्कल नको? दुकानातून आणलेल्या डब्यातच ठेवायचं, झाकण घट्ट करून, चुलीपासून लांब. तो हात जोडून हो हो म्हणत राहिला आणि माझ्यासमोर बाटली उचलून बाहेर घेऊन गेला.

पण चिंधा यात नव्हता. त्याचा रंग शनिवारीच वाळला होता आणि त्याचा थिनर त्याच्या घरी होता. मी घरी परत आलो तर अंगणात रत्ना उभी. ती धुळ्याहून येऊन पोचली होती.

"सही करून मोकळी होते मामा," ती म्हणाली. "मग आईजवळ जाते."

पुना हवालदाराने पेनाचं टोपण काढलं.

"दहा मिनिटं थांब," मी म्हणालो. "मी ती खोली अजून बघितली नाही."

४

मधल्या खोलीचं दार उघडलं तसा जळक्या कापडाचा वास अंगावर आला. समोर चौरंगावर कानबाई तशीच बसलेली. नारळाचा मुखवटा, डोळे, नथ. एका बाजूने काळा पडलेला. पुढे जमिनीवर पितळी दिवा, विझलेला. डाव्या भिंतीला खिडकी, बंद. वर पंखा, त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली.

"हे काय?" मी दिपमालाला दारातूनच विचारलं.

"चुकून कोणी लावू नये म्हणून. कानबाईचा दिवा विझू द्यायचा नसतो. दिवा पाचला लावला, पण खिडकी म्हणूनच सकाळी देवी मांडली तेव्हापासून बंद होती. दारसुद्धा ओढून घ्यायचं, वारा नको म्हणून."

म्हणजे दिवसभर बंद खोली. हवा ना आत, ना बाहेर.

मी भिंती बघितल्या. चिंधाचा नवा हिरवा पट्टा गुडघ्यापर्यंत भाजून फुगला होता. त्याच्यावर, कमरेच्या उंचीला, रंग जवळजवळ कोरा. वर लावलेलं आंब्याच्या पानांचं तोरण सुकलं होतं, पण जळलेलं नव्हतं. फक्त पलीकडच्या कोपऱ्यात धान्याच्या कोठीमागे आग वरपर्यंत गेली होती. तिथला पडदा खाक. आग तिथे टिकून होती. बाकी खोलीत नुसती खालून धावून गेली होती.

कोठीमागे, त्या काळ्या कोपऱ्यात, किटली आडवी पडली होती. कमलची स्टीलची. झाकण हातभर लांब. आपल्या किटलीचं झाकण माहीत आहे ना, वाटीसारखं, नुसतं वर बसतं. फिरकीही नाही आणि पकडही नाही.

"ते खिरीचं दूध होतं," हवालदार मागून म्हणाला. "सांडलं असेल गडबडीत."

मी किटली उचलली. दूध जळलं की तळाशी काय होतं, हे कोणत्याही बाईला विचारा. काथ्या लावून घासलं तरी दोन दिवस जात नाही. या किटलीचा तळ आतून स्वच्छ होता. काळं होतं ते फक्त तोंड, गळ्याभोवती कडीसारखं. जसा स्टोव्हचा बर्नर काळा होतो तसं.

दूध तर लताबाईच्या किटलीत आणलं होतं. कारण कमलची किटली गुंतली होती.

तेव्हा मला सगळं कळलं. आणि त्याच्या पुढचंही कळलं. खिशातून फोन काढून बघितला. रविवार, दहा वाजून बावीस मिनिटं, कमल. एक्केचाळीस सेकंद.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो आणि बांधापर्यंत चालत गेलो. तिथून परत फिरलो. परत बांधापर्यंत गेलो. तो फोन मी शब्दान् शब्द आठवला. कमल म्हणाली होती, "भाऊ, पोरीनं पेट्रोल आनेल शे. तेलना कॅनमा. कोठे ठेऊ?" माझ्या हातात तीन एक्के होते. मी म्हणालो होतो, "प्लॅस्टिकमध्ये ठेवू नको. उन्हात ठेवू नको, थंड जागा बघ. एवढंही कळत नाही का तुला?" ती आणखी काही विचारत होती. मी फोन ठेवला होता.

हे कोणालाच माहीत नव्हतं. कमलने किटलीत पेट्रोल ओतलं, एवढं सांगितलं की माझं काम झालं असतं. एक वाक्य गिळायचं होतं फक्त. एकतीस वर्षांचं नाव शाबूत राहिलं असतं.

मागून भूपेंद्रची हाक आली, "मामा, रत्ना सही करतेय."

५

सगळ्यांना मी ओट्यावर बसवलं. मी उभाच होतो. रत्ना, भूपेंद्र, दिपमाला, लताबाई आणि पुना हवालदार. किटली मध्ये ठेवली.

"कॅन कमलने रिकामा केला," मी म्हणालो. "रिकामं केलेलं प्रत्येक भांडं कोण पालथं घालतं या घरात? झाकणसुद्धा?"

"आई," भूपेंद्र म्हणाला. घरात आल्यापासून पहिल्यांदा तो काहीतरी नक्की बोलला.

"पेट्रोल तिने या किटलीत ओतलं. म्हणून दुधाला लताबाईंची किटली मागितली. किटली नेऊन ठेवली कोठीमागे, कारण या घरात तेवढी एकच जागा उन्हाळ्यातही गार असते. दिवा तिथून दहा-बारा हात लांब. तिला वाटलं, दिवा काही चालत जाणार नाही. पण पेट्रोल कधी जळत नाही, लक्षात ठेवा. जळते ती त्याची वाफ. ती दिसत नाही, हवेपेक्षा जड असते, जमिनीवरून सरपटत जाते. सैल झाकणातून ती दिवसभर निघत राहिली. खिडकी बंद, पंखा बंद, दार बंद. दिवा चालला नाही, पेट्रोलच चालत दिव्याकडे गेलं. पाच वाजता दिवा लावला. पावणेसहाला कमल आत गेली, दार उघडल्याने हवा हलली, आणि खालून भडका झाला. म्हणून तिचे पाय भाजले. कोणी अंगावर ओतलं असतं तर चेहरा, खांदे जळाले असते. भिंत बघा, गुडघ्यापर्यंतच भाजलीय."

हवालदार उठला, आत जाऊन भिंत आणि किटलीचा तळ बघून आला. कागद मांडीवर ठेवून पेनाने कान खाजवत बसला.

"आणि पाणी?" लताबाईने विचारलं.

"पाणी टाकू दिलं असतं तर आग कोठीपासून अंगणापर्यंत वाहत आली असती. हिने अडवलं म्हणून घर राहिलं. हात भाजला तो कमलला ओढताना."

सगळे दिपमालाकडे बघायला लागले. ती खाली बघत होती.

रत्नाचा चेहरा मात्र हलला नाही. "मामा, माझी आई खुळी नाही," ती म्हणाली. "ही किटली तिनं दुधाशिवाय कधी ताकालाही वापरली नाही. तुम्ही दिली म्हणून खुंटीला टांगून ठेवायची. तीत ती पेट्रोल ओतेल? कानबाईच्या दिवशी? मला पटत नाही. हिनंच ओतलं असेल आणि हिनंच कॅन पालथा घातला असेल, आईवर ढकलायला."

हवालदाराने मान वर केली. त्याचा पेन पुन्हा कागदाजवळ गेला.

भूपेंद्रने दिपमालाकडे बघितलं आणि परत मान वळवली.

रत्नाचा प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर नसेल तर बाकी सगळं नुसती माझी हुशारी होती.

"तिने मला विचारलं होतं," मी म्हणालो. "काल दहा बावीसला. कुठे ठेवू म्हणून. मी म्हणालो, प्लॅस्टिकमध्ये नको, उन्हात नको, थंड जागा बघ. रमीचा डाव चालू होता माझा. कशात ठेवायचं ते सांगितलं नाही. घट्ट झाकणाचा, पेट्रोलसाठीच केलेला डबा असतो. तो घराबाहेर सावलीत ठेवायचा, चूल-दिव्यापासून लांब. लागेल तेवढंच आणायचं, पंपात भरून संपवायचं. एवढं बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी उलट विचारलं, एवढंही कळत नाही का. मग तिने प्लॅस्टिक सोडून घरात धातूचं जे होतं ते घेतलं. माझीच किटली."

हवालदाराने पेनाला टोपण लावलं.

"गंमत बघ रत्ना," मला थांबता येईना. "मी काहीच सांगितलं नसतं, फोनच उचलला नसता, तर पेट्रोल झाकणबंद गोठ्यात पडून राहिलं असतं. हिने ठेवलं होतं तिथे. फिर्याद लिहायची तर माझ्या नावाने लिहा."

"नाना," हवालदार म्हणाला, "अपघात म्हणून लिहितो मी. रमी खेळण्याचं कलम माझ्याकडे नाही." त्याने कागद घडी करून खिशात घातला.

रत्नाने किटली बाजूला सारली. मग उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पाट होता, आणि त्यावर अर्ध्या बाजूने काळी पडलेली कानबाई. ती दिपमालासमोर उभी राहिली.

"उठ वहिनी. विसर्जन राहिलंय. तुझा हात दुखेल, एका बाजूनं मी धरते."

दिपमाला उठली. भूपेंद्र पुढे झाला, काहीतरी म्हणायला लागला.

"तुम्ही दवाखान्यात जा," ती त्याला म्हणाली. "माझ्याशी बोलायला नंतर या. आल्यावर आधी मला विचारा, मग लोकांना." आणि दोघी पाट धरून नदीकडे चालायला लागल्या. लताबाई पदर खोचून त्यांच्या मागे गेली. रस्त्यावरची एक मिरवणूक त्यांच्यासाठी थांबली.

मला कोणी बोलावलं नाही. रत्नाने जाताना माझ्याकडे बघितलंही नाही. ते ठीकच होतं.

६

चारच्या सुमारास भूपेंद्र आणि मी धुळ्याला पोचलो. तो औषधं आणायला खाली गेला. मी खाटेभोवती चकरा मारत होतो. कमलने डोळे उघडले.

तिने मला ओळखलं. ओठ हलवले, आवाज येईना. मी वाकलो. पाणी हवं असेल म्हणून पेला घेतला, तर तिने पट्टी बांधलेल्या डाव्या हाताने तो बाजूला सारला. तिला आधी बोलायचं होतं.

"भाऊ," ती म्हणाली. घसा घासून आवाज येत होता. "तू सांगं तसंच करं मी. प्लॅस्टिकमा नही ठेवं."

आणि शाळेत शाबासकी मागायला यायची तशी माझ्याकडे बघत राहिली.

"हो," मी म्हणालो. "बरोबर केलंस तू. मीच अर्धं सांगितलं."

तिला ते कळलं की नाही, माहीत नाही. तिने डोळे मिटले. मी तिथलं स्टूल ओढलं आणि तिच्या खाटेजवळ बसलो. नर्स दोनदा येऊन गेली, भूपेंद्र औषधं घेऊन आला, अंधार पडायला लागला. मी काही उठलो नाही.